पिपोची मजुरी

पिपोनं पोस्टातल्या एल्दाचा पाय धरला तेव्हा फुमाच्या खानावळीत नऊ पुरुष बसले होते, आणि नऊच्या नऊ हसले.

एल्दाच्या एका हातात पत्रांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात कॉफीचा कप. सुटका करून घ्यायला तिसरा हात कुठून आणणार बिचारी. बावीस किलोंचा, तपकिरी, कुरळ्या केसांचा पिपो तिच्या पोटरीला पुढच्या दोन्ही पायांनी असा आवळून लटकला होता, की जणू ती पोटरी नाही, डोलकाठी आहे आणि समुद्र खवळलाय. बाकी कमरेचं जे चाललं होतं ते चाललंच होतं.

"ब्राव्हो, पिपो," मिलियोनं टेबलावर थाप मारली. "एवढ्या जणांत एकच मर्द निघाला, तोही कुत्रा."

पुन्हा हशा. मिलियोनं आपल्या ताटलीतली प्रशुतची साल उचलून फेकली. डुकराची मांडी वर्षभर वाऱ्यावर वाळवली की कडेला जी चिवट, खारट साल उरते ती. माणसाला चावत नाही, पण कुत्र्याला तो स्वर्गच. पिपोनं एल्दाला सोडलं, साल हवेतच झेलली आणि बक्षीस समारंभातल्या मुलासारखं सगळ्यांकडे वळून पाहिलं.

नेविया दारात उभी होती, पाठीवर दप्तर. पाझिनहून शाळेची बस तिला खानावळीसमोर सोडायची आणि आजोबांना घरी न्यायला ती रोज आत डोकवायची. गेल्या वर्षीची नेविया असती तर कानापर्यंत लाल होऊन बाहेर भिंतीपाशी थांबली असती. पण ही यंदाची नेविया होती. यंदाची नेविया सोळाची झाली होती, तिनं स्वतःचे केस स्वतः कापले होते (मागून जरा तिरके), आणि वर्गात उठून बोललं की लोक वळून ऐकतात हा शोध तिला लागला होता. हा शोध तिला भयंकर आवडला होता.

"नोनो," ती म्हणाली, "यात हसण्यासारखं काय आहे?"

नोनो झ्वाने, म्हणजे तिच्या आईचा बाप, डोळे पुसत होता. "अगं, नर आहे तो. रक्त गरम आहे. रक्त गरम तर नाक तेज."

"तेता एल्दा हसत नाहीये."

तेता म्हणजे मावशी, आणि एल्दामावशी खरंच हसत नव्हती. बुटावर सांडलेली कॉफी रुमालानं टिपत होती. "मागच्या आठवड्यात माझी बहीण. त्याआधी शाळेतली इटालियन शिकवणारी बाई. या गावात बायकांनी आता काठ्यांवर उभं राहून चालायचं का, झ्वाने?"

"तू मनाला लावून घेऊ नकोस. तो पुरुषांवरही चढतो."

"मग तर मिटलंच," एल्दा म्हणाली, पत्रं टेबलावर आपटली आणि गेली.

नेवियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरचा चढ चढताना ती नोनोच्या चार पावलं पुढे चालली, मुद्दाम, कारण त्याचं कमरेचं हाड दुखतं हे तिला माहीत होतं. मग तिलाच वाईट वाटलं आणि ती थांबली, पण राग काही थांबला नाही.

पिपो तिचा होता. म्हणजे कातडीखालची ओळखीची चिप आणि कागद नोनोच्या नावावर, पण चार वर्षांपूर्वी डोळेही न उघडलेलं ते पिल्लू बाटलीनं दूध पाजून तिनं वाढवलं होतं. आई पुला शहरातल्या इस्पितळात परिचारिका, आठवड्याचे चार दिवस तिकडेच. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कुत्र्याचं काय ते तुम्ही दोघं बघा. दोघांनी बघितलं. नेवियानं त्याला बसायला, थांबायला, शोधायला शिकवलं. नोनोनं त्याला खानावळीत न्यायला सुरुवात केली.

वसंतात तर कहर झाला. 'एकदा मादी दाखवली की शांत होतो,' असं मिलियो म्हणाला, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पिपोला मिलियोच्या कुत्रीकडे नेलं. परत आला तो दुप्पट उत्साहानं. आधी फक्त पाय धरायचा, आता उशा, सरपणाची टोपली आणि शेजारची मेंढीसुद्धा. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं म्हणत पुन्हा सगळे हसले. हसणं या गावात फुकट मिळायचं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी मात्र कोणी हसलं नाही.

पांढऱ्या ट्रफलचा हंगाम सुरू झाला होता. ओकच्या मुळांशी, हातभर खोल, अळंबीची ही गाठ वाढते. वरून काही म्हणता काही दिसत नाही. वास येतो तो कुत्र्याला. माणसाच्या हाती फक्त लांब दांड्याचं खुरपं. म्हणून मिर्ना नदीच्या खोऱ्यात माणसाची किंमत त्याच्या कुत्र्यावरून ठरते, आणि पिपोसारखं नाक दुसरं नव्हतं. यंदा नोनोला वाकवत नव्हतं, म्हणून वाकायचं काम नेवियाचं.

पिपो एका ओकपाशी थबकला, शेपटी थरथरली, दोन पंजे मारले. नेविया चिखलातून धावली. एवढ्यात ओढ्यापलीकडून मिलियो आला, बरोबर त्याचा चेझर, काळा, धिप्पाड नर. पिपोनं मान वर केली. पुढच्याच क्षणी तो खड्डा सोडून चेझरच्या पाठीवर हनुवटी टेकवून उभा होता, आणि त्याच्या पुढच्या क्षणी चढलेला.

चेझर म्हणजे काही एल्दा नव्हे. त्यानं रुमाल नाही काढला, दात काढले. दोघांना सोडवता सोडवता नेवियाच्या बाहीची चिंधी झाली आणि पिपोचा कान फाटला. आणि हे सगळं निवल्यावर पाहतात तर मिलियो पिपोच्या खड्ड्यापाशी गुडघ्यावर बसून मुठीएवढी ट्रफल अंगठ्यानं पुसत होता.

"ती आमची आहे," नेविया म्हणाली.

"कुत्र्यानं सोडलेला खड्डा, उकरेल त्याचा," मिलियो म्हणाला. "हा नियम तुझ्या नोनोनंच मला शिकवलाय. विचार."

नियम खरा होता. आयत्या बिळावर नागोबा बसला तरी बीळ त्याचंच. नोनोनं खुरप्याचा दांडा उचलला आणि पिपोच्या बरगड्यांवर हाणला. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी दांडा नेवियाच्या हातात होता.

"सोड."

"नाही सोडत. तू त्याला कशासाठी मारतोयस ते तरी त्याला कळतंय का?"

"काठीनं असले कुत्रे सुधरत नाहीत, झ्वाने," मिलियो ट्रफल खिशात टाकत म्हणाला. "साखळी लागते. माझ्या भंगाराच्या आवारात जागा आहे. दोन मीटर साखळी. कोणावर चढणार?"

नोनोला धाप लागली होती. तो पिपोकडे बघत नव्हता, मिलियोच्या फुगलेल्या खिशाकडे बघत होता. "सेंट मार्टिनच्या दिवसापर्यंत बघतो," तो म्हणाला. "तोवर सुधारला तर सुधारला. नाहीतर घेऊन जा."

आणि हेच तो त्या दिवशी खानावळीत, सगळ्यांसमोर, पेला हातात धरून पुन्हा बोलला. पेला हातात असताना बोललेला शब्द इथे दगडात कोरल्यासारखा असतो. सेंट मार्टिनचा दिवस अकरा नोव्हेंबरला, म्हणजे एक महिना उरला होता.

त्या रात्री नेवियानं उशीला गुद्दे मारले. साल फेकली कोणी? टाळ्या वाजवल्या कोणी? आणि मार खाल्ला कोणी? हे गणित पहिलीतल्या पोराला सुटलं असतं, पण नऊ बाप्यांना सुटत नव्हतं.

सोमवारी शाळा बुडवून ती पिपोला बसमधून बुझेतला घेऊन गेली, जनावरांच्या डॉक्टर नेदांकडे. डॉक्टरांनी कानाला चार टाके घातले, लघवी तपासली, पोट दाबून पाहिलं, कातडी पाहिली. "कधी कधी आग होते, खाज असते, म्हणूनही करतात," त्या म्हणाल्या. "याला तसं काही नाही. ठणठणीत आहे."

"मग त्याला खच्ची करून टाका," नेविया म्हणाली. "आजच. नोनोला मी नंतर सांगते."

"जखम शिवणं वेगळं. बाकी मालकाच्या सहीशिवाय मी नखसुद्धा कापत नाही, पोरी."

"नोनो सही नाही करणार. खच्ची कुत्र्याला नाक नसतं म्हणतो. मी त्याला म्हटलं, नोनो, कुत्र्याचं नाक तोंडावर असतं."

डॉक्टर हसल्या, पण ते हसणं वेगळं होतं. "नाकाला काही होत नाही, हे मी या खोऱ्यात वीस वर्षं सांगतेय. हंगाम संपला की नसबंदीचं बघू. पण एक ऐक. चार वर्षांची सवय मला सुरीनं कापून काढता येत नाही. कमी होईल कदाचित. हा काही नुसता मादीच्या मागे लागलेला नर नाहीये. उत्साह वाढला की चढतो, घाबरला की चढतो, गर्दीत काय करावं सुचलं नाही की चढतो. मला सांग, ट्रफल सापडली की तुम्ही काय करता?"

"ब्राव्हो म्हणतो. प्रशुतची साल देतो."

"आणि खानावळीत कुणाच्या पायावर चढला की?"

तोच शब्द. तीच साल. याच नऊ माणसांनी आयुष्यभर कुत्रे याच एका शब्दावर आणि याच एका तुकड्यावर घडवले होते. जगात दुसरी कुठलीही माणसं इतक्या पद्धतशीरपणे ही चूक करू शकली नसती.

"तो गुन्हा करत नाहीये," डॉक्टर टेबल पुसत म्हणाल्या. "तो बिचारा दोन नोकऱ्या करतोय. एकीची मजुरी बंद करा."

बसमध्ये पिपो तिच्या मांडीवर हनुवटी ठेवून झोपला आणि नेविया खिडकीबाहेर बघत दात ओठ खात राहिली. आता राग दिशाहीन नव्हता. आता त्याला पत्ता होता.

दुसऱ्या दिवसापासून घरात कायदा लागू झाला. पिपो घरातही आखूड पट्ट्यावर. कोणी घरी येणार असेल तर आधी तासभर डोंगर चढून उतरायचा, मगच माणसांत. चढण्याआधी तो काय काय करतो ते नेवियानं बघून बघून पाठ केलं: तोंड मिटतं, जीभ नाकावरून फिरते, शेपटी ताठ होते, मग हनुवटी येऊन माणसाच्या गुडघ्यावर टेकते. बस, तेवढाच वेळ हातात. तेवढ्यात हाक मारायची, 'शोध' म्हणायचं आणि ट्रफलच्या तेलात बुडवलेलं बूच लांब टाकायचं. बूच आणलं की ब्राव्हो, बूच आणलं की साल. आणि उशीर झाला, चढलाच, तर ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. गप्प उठून त्याला बाहेर अंगणात न्यायचं, मिनिटभर एकटं ठेवायचं, परत आत. पहिल्या दिवशी ती तेवीस वेळा अंगणात गेली. पुस्तकात बघत एका हातानं रसायनशास्त्र, दुसऱ्या हातानं कुत्रा.

पिपो हुशार विद्यार्थी निघाला. मठ्ठ विद्यार्थी होता नोनो.

"आता तो तुझ्या गुडघ्यावर चढला, तर तू काय करायचं?"

"काही नाही."

"आणि आत्ता काय केलंस?"

"किंचित हसलो."

"किंचित नाही. दात दिसले. परत."

"अगं, मी सत्तर वर्षं कुत्रे पाळतोय, आणि काल जन्मलेली तू मला..."

"सत्तर वर्षांत एकही कुत्रा तुझ्यावर इतका मेहनती नव्हता, नोनो. परत."

दुसऱ्या आठवड्यात अंगणातल्या फेऱ्या सातवर आल्या. तिसऱ्यात दोनवर. मग अचानक पुन्हा अकरा. नेवियाला कळेना. तिनं वहीत सगळं लिहून काढलं, खाणं तपासलं, चालणं वाढवलं. अकराच.

उत्तर तिला गावाच्या वळणावर बसच्या खिडकीतून दिसलं. तास लवकर सुटला होता. खानावळीच्या मागच्या बाजूला, रिकाम्या पिंपांच्या आडोशाला, मिलियो उकिडवा बसून आपल्याच मांडीवर थापट्या मारत होता. पिपो त्याच्या गुडघ्यावर चढलेला. मिलियोच्या चिमटीत साल.

बस थांबायच्या आत ती बसच्या दाराशी होती आणि थांबताच पिंपांपाशी.

"बार्बा मिलियो, हे काय चाललंय?"

बार्बा म्हणजे काका. हा काका दचकला नाही. "मुका जीव आहे. लाड करतोय."

"तुमचा चेझरही मुकाच आहे. त्याचे करा."

"चेझरच्या नाकात दम नाही," मिलियो म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. सालीचा उरलेला तुकडा त्यानं स्वतःच्याच तोंडात टाकला.

साखळीला बांधायच्या कुत्र्याला नाक कशाला लागतं? नेविया तिथंच उभी राहून हे दोनदा मनात बोलली. मग पिपोला उचललं, बावीस किलो सगळे, आणि आत गेली. नोनो पत्ते पिसत होता. तिला शाळेत पाठवून हा माणूस रोज कुत्र्याला इथं आणत होता आणि तिची बस यायच्या आत घरी पोचत होता. घरात माना डोलवत होता आणि इथं आणत होता.

"त्याला तुझा कुत्रा हवाय," तिनं सगळं सांगितलं. "साखळीसाठी नाही. रानासाठी."

"मिलियो तसा नाही. त्याच्या बापाबरोबर मी सैन्यात होतो."

"मी त्याच्या बापाबद्दल बोलत नाहीये."

"आवाज खाली. लोक बघतायत."

"बघू देत की. बघायलाच तर बसलेत सगळे."

पुढचे आठ दिवस नेवियानं पिपोला नोनोच्या हाती दिलं नाही. शाळेत जाताना फुमाच्या स्वयंपाकघरात सोडायची. फुमाला खानावळ चालवायची असल्यामुळे नऊ जणांशी गोड बोलावं लागायचं, पण स्वयंपाकघरात तिचं राज्य होतं आणि तिथं मिलियोची पावलं पडत नसत. फेऱ्या पुन्हा तीनवर आल्या.

सेंट मार्टिनच्या दिवशी नवी वाइन उघडतात. खानावळ गच्च, भाजलेल्या चेस्टनटांचा धूर, अकॉर्डियन, आणि टेबलाखाली नेवियाच्या बुटाला पाठ लावून पिपो. एक तास झाला. दीड तास झाला. एल्दा शेजारून गेली तेव्हा त्यानं मान उचलली, जीभ नाकावरून फिरली. "शोध," नेविया हळूच म्हणाली आणि बूच भिंतीकडे घरंगळवलं. पिपो बुचामागे गेला, बूच घेऊन आला आणि पुन्हा बुटाला टेकून बसला.

"हा तोच कुत्रा?" एल्दानं विचारलं.

"कुत्रा तोच आहे, तेता एल्दा. माणसंसुद्धा तीच आहेत, तो त्रास आहे."

मग फुमानं आतून हाक मारली. हात कमी पडत होते, ताटल्या न्यायच्या होत्या. नेवियानं पट्टा नोनोच्या मुठीत दिला. "धरून बस. फक्त धरून बस. दोन मिनिटं."

"धरलाय ना."

ती हातावर चार ताटल्या तोलत बाहेर आली तेव्हा मिलियो पलीकडच्या बाकावर बसून मांडीवर थापट्या मारत होता. "पिपो. ब्राव्हो, पिपो." चिमटीत साल. आणि नोनोनं, कोणीतरी त्याच्या आरोग्यासाठी पेला उचलला म्हणून, आपला पेला उचलला. ज्या हातात पट्टा होता त्याच हातानं.

पिपो गेला. चढला. खानावळ हसली.

आणि नेवियानं पाहिलं, नोनोही हसला. सवयीनं, आधी तोंड हसलं आणि मग डोळ्यांना कळलं. पण हसला.

"झालं," मिलियो म्हणाला. "दिवस संपायची वाट कशाला बघायची. उद्या सकाळी गाडी घेऊन येतो, झ्वाने."

नेवियानं ताटल्या टेबलावर ठेवल्या. आपटल्या नाहीत, त्यात फुमाचा दोष नव्हता. ती गेली, न बोलता पिपोचा पट्टा धरला, त्याला उतरवलं आणि मग वळली.

"त्याला बोलावलं कोणी?"

अकॉर्डियनवाला सूर लांबवत थांबला.

"मी विचारतेय. इतक्या जणांचे डोळे होते. बोलावलं कोणी?"

"अगं, सण आहे," कोणीतरी पुटपुटलं.

"मिलियोनं बोलावलं," एल्दा म्हणाली. "साल दाखवून. मी बघितलं."

"आता मजेचीसुद्धा साक्ष घेणार का," मिलियो हसला, पण त्याच्याबरोबर तीन-चार जणच हसले.

"चार वर्षं हा तुमची करमणूक करतोय," नेविया म्हणाली. "तुम्ही शिकवलं, तुम्ही मजुरी दिली, तुम्ही टाळ्या वाजवल्या. बाई रडकुंडीला आली की तुम्हाला जास्त मजा. आणि रानात एक ट्रफल गेली, एक, तर लगेच तो नालायक. मग साखळी. एवढी माणसं एका सालीचा मोह आवरू शकत नाहीत आणि कुत्र्यानं स्वतःला आवरायचं. आधी साखळी कोणाला लागते ते ठरवा." मग ती नोनोकडे वळली. "तू सांग. कोणी बोलावलं?"

नोनोनं पेल्यात पाहिलं.

"मी शब्द दिलाय, नेविया," तो म्हणाला.

नेविया पिपोला घेऊन निघून गेली.

सकाळी आठला मिलियोची गाडी फाटकाशी आली. नेविया अंगणात पायरीवर बसली होती, सहापासून. पट्टा तिनं मनगटाला तीन वेढे देऊन मुठीत आवळला होता. नोनो दारातून बाहेर आला, सणाचेच कपडे अंगावर. झोपला नव्हता की काय कोण जाणे.

"दे," तो म्हणाला.

"नाही देत. पाहिजे तर मूठ उघड. एकेक बोट उघडावं लागेल. मी ओरडणार नाही, चावणार नाही. पण उघडणार तू. मी देणार नाही."

नोनो वाकला, जेवढं वाकवत होतं तेवढं. तिच्या मुठीवर हात ठेवला. त्याचा हात थंड होता. पिपो दोघांच्या मध्ये उभा राहून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. त्याच्या बरगडीवर महिन्यापूर्वीच्या दांड्याच्या जागी केस अजून विरळ होते. नोनोचा अंगठा तिच्या करंगळीपाशी आला आणि तिथंच राहिला.

"झ्वाने, उशीर होतोय," मिलियो फाटकातून म्हणाला. गाडीच्या मागच्या भागात साखळी नव्हती. नेवियानं ते गाडी थांबताच पाहिलं होतं. तिथं चिखलाचे बूट होते, खुरपं होतं आणि ट्रफल ठेवायची चामड्याची पिशवी. नोनोनंही आता तिकडे पाहिलं. चांगलंच पाहिलं.

तो सरळ झाला आणि फाटकापर्यंत गेला. लंगडत, पण न थांबता.

"कुत्रा मिळणार नाही."

"सगळ्यांसमोर बोललायस तू. पेला हातात होता."

"होता."

"मग?"

"मग आज जाऊन सगळ्यांना सांग, झ्वानेनं शब्द मोडला. मी तिथं नको असेन तर माझी खुर्ची भिंतीला लावून ठेवा म्हणावं. हसा म्हणावं. नाहीतरी आपल्याला दुसरं येतं काय."

मिलियो बराच वेळ काहीबाही बोलला. बाप, सैन्य, शेजारधर्म, सगळं निघालं. मग दार आपटून गाडी गेली.

नोनो परत आला आणि पायरीपाशी उभा राहिला. तो वाट बघत होता. काहीतरी मिळेल म्हणून, एखादा शब्द, एखादी मिठी. नेवियाच्या मनगटावर पट्ट्याचे तीन लाल वळ उठले होते आणि तिचा राग अजून गरम होता, कालचा, परवाचा, चार वर्षांचा. तिनं आभार मानले नाहीत. बोटं न उघडल्याबद्दल एखाद्या माणसाचे आभार का मानायचे?

"पहिलं," ती म्हणाली, "दांडा माझ्याकडे राहणार. दुसरं, जानेवारीत हंगाम संपला की तू डॉक्टर नेदांकडे येऊन सही करणार. नाकाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

"एक अक्षर नाही?"

"एकही. तिसरं, आता इथं बस."

"आत्ता? मी कॉफीसुद्धा..."

"बस, नोनो."

तो बसला. पिपो आला, त्याच्या बुटांचा वास घेतला. तोंड मिटलं. जीभ नाकावरून फिरली. शेपटी ताठ होत होत हनुवटी येऊन नोनोच्या गुडघ्यावर टेकली.

नेवियानं ना हाक मारली, ना बूच टाकलं. हाताची घडी घालून ती नोनोकडे बघत राहिली.

नोनोच्या मिशा हलल्या. त्यानं खालचा ओठ दातांत धरला, मान वळवली आणि शेजाऱ्याच्या अंजिराच्या झाडाकडे अशा गंभीर चेहऱ्यानं पाहिलं, की जणू त्या झाडाचं काहीतरी वाईट कानावर आलंय. पिपो थांबला. एक पाय उचलला. वाट पाहिली. कोणी हसलं नाही, कोणी ओरडलं नाही, कोणी काही दिलं नाही. पाय खाली आला. मग हनुवटी निघाली, आणि तो पायरीखाली जाऊन, मोठा सुस्कारा टाकून आडवा झाला.

"झालं?" नोनोनं झाडाकडेच बघत विचारलं.

"एक झालं," नेविया म्हणाली. "परत."